चवदार तळ्याचा दावा आणि अभिरूप न्यायालय

राजपुरी खाडीकाठचे आगरदांडा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात मोडत असे. सिद्दी नबाबाच्या त्या मुलखात मुंबई उच्च न्यायालयाचा अंमल नव्हता. तो विलीनीकरणानंतर आला. मात्र न्यायालयात नेमके काय चालते, हे आजही आपल्या मुलांना चित्रपटांतूनच कळते. विधी महाविद्यालयांत २००८ च्या नियमांनी अभिरूप न्यायालयाचा सराव सक्तीचा आहे. शाळांनीही तो करून पाहावा, असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी काल्पनिक चोरीचा खटला रचण्याची काहीच गरज नाही.

याच जिल्ह्यात, महाडला, तो दावा उभा राहिला. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा लावला : तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांस तेथे मज्जाव ही पूर्वापार वहिवाट आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला व सत्याग्रह तहकूब केला. हा प्रसंग मुलांना समजावणे सर्वांत अवघड जाईल. अन्याय्य वाटणारा हुकूम त्यांनी का पाळला, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारला जावा.

वादीची बाजू कोणी मांडायची? कोणीही पुढे येणार नाही, आणि नेमके तेथेच शिक्षण सुरू होते. न पटणारी बाजू मांडू लागताच विद्यार्थ्याला उमगते, की वहिवाट सिद्ध करण्याचा भार वादीवर आहे. केवळ ‘असेच चालत आले’ म्हणून भागत नाही. उच्च न्यायालयात वादी हरले ते याच मुद्द्यावर : तळे नगरपालिकेचे ठरले आणि अनादी रूढी शाबीत झाली नाही.

उलटतपासणीचा पाठ मात्र आपल्या बायबलमध्येच आहे. दानिएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेवर आळ घेणाऱ्या दोघा वडिलांना तरुण दानिएल वेगवेगळे करतो आणि प्रत्येकास एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन निराळी झाडे सांगतात, आणि निरपराध स्त्री वाचते. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा आपण सांगतो, पण साक्षीदारांना वेगळे का केले, याकडे क्वचितच लक्ष वेधतो.

महाडच्या दाव्याचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हेच १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. प्रतिवादी आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पहिल्या ओंजळीस दहा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले होते.