काळजाचे माप

आम्ही कवी मंडळी ‘काळीज’ म्हणताना छातीवर हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, खाटीक हृदय देत नाही, यकृत देतो. फारसीतला ‘जिगर’ही यकृतच. या बाबतीत कवीपेक्षा खाटीक खरा, असे माझे मत आहे. हे यकृत उजव्या बरगड्यांआड दडलेले. त्यात गाठ झाली तर ती केवढी आहे, औषधाने आटली की नाही, हे कळायचे कसे? त्या मोजणीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

बरीच वर्षे भिस्त बोटांवर होती. डॉक्टर पोट चाचपून गाठीची लांबीरुंदी लिहून ठेवत. ही बोटे कितपत विश्वासाची? चार्ल्स मोर्टेल आणि जेम्स हॅन्ली यांनी 1976 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मऊ गादीवर 12 गोळे मांडले, वर फोमचा थर पसरला आणि 16 अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते मोजायला सांगितले. त्यांत काही गोळे अगदी एकाच मापाचे होते. तज्ज्ञांना ते ठाऊक नव्हते. गोळे ना वाढणारे, ना आटणारे. तरी मापे जुळेनात. माप 25 टक्क्यांनी घटले म्हणजे गुण आला असे धरले, तर पाचांत जवळजवळ एकदा खोटाच गुण दिसत होता. 50 टक्के धरले, तर शंभरात सात-आठ वेळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1979च्या नियमांतही 50 टक्क्यांचीच अट आहे. त्या खोट्या गुणामागे निरुपयोगी औषधाचा त्रास सोसणारा माणूस असतो, हे आकडे वाचताना विसरता येत नाही.

तोवर सीटी स्कॅन आला होता. बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. पोटाची पाळी नंतर आली. श्वासाबरोबर यकृत हलते आणि ते यंत्र संथ होते. 1979 मध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी सीटीवरून यकृताचे घनफळ मोजून दाखवले. हाउन्सफील्ड यांना नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी.

हिशेब काकडीच्या चकत्यांसारखा आहे. प्रत्येक चकतीवर गाठीची कड आखायची, आतले क्षेत्रफळ काढायचे, त्याला चकतीच्या जाडीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. 10 चौरस सेंटिमीटरची, अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती म्हणजे 5 घन सेंटिमीटर. इटलीच्या काव्हालिएरी यांनी 1635 मध्ये मांडलेले भूमिती-तत्त्व याच जातीचे.

एवढा खटाटोप कशाला, पट्टीने व्यास मोजला की झाले, असे कुणी म्हणेल. 4 सेंटिमीटर व्यासाचा लाडू घ्या आणि 5 सेंटिमीटरचा घ्या. व्यास पावपटीने वाढला, पण ऐवज जवळजवळ दुप्पट झाला. तरी 2000 साली आलेल्या ‘रेसिस्ट’ नियमांनी सोयीसाठी सर्वांत लांब व्यासच पत्करला आणि 2009च्या सुधारणेतही तो कायम राहिला. घनफळ मोजण्याची सर्वांना मान्य अशी एकच रीत ठरलेली नव्हती.

शस्त्रक्रियेआधी मात्र घनफळावाचून चालत नाही. निरोगी यकृताचा निदान पाचवा हिस्सा शिल्लक राहावा लागतो. यकृत सिरॉसिसने खराब झालेले असेल तर 40 टक्क्यांच्या आसपास. हा हिशेब चुकला तर गाठ जाते आणि माणूसही जातो.

अवघड असते ती कड. आयोडिनयुक्त औषध शिरेत टोचले की गाठ आणि निरोगी भाग वेगळे उजळतात. तरी काठ धूसरच. 2017च्या ‘लिट्स’ नावाच्या स्पर्धेत जगभरच्या संगणक-प्रणालींना शेकडो अनोळखी नव्हे, फक्त 70 स्कॅन तपासायला दिले. यकृताची कड सर्वोत्तम प्रणालीने तज्ज्ञांशी 0.96 इतकी जुळवली (1 म्हणजे तंतोतंत). गाठीची जुळणी 0.70च्या पुढे गेली नाही. म्हणून पडद्यावर संगणकाने आखलेली रेघ रेडिऑलॉजिस्ट चकतीमागून चकती पाहतो आणि पटली नाही, तर माऊसने ती थोडी आत किंवा बाहेर सरकवतो.