चालियार नदी आणि मावूरचा कारखाना

नदीच्या शुद्धीचा विषय निघाला की आपण बहुधा घाटावरील निर्माल्य आणि गावची गटारे यांच्यापाशी थांबतो. मी आज केरळातील चालियार नदीची हकीकत सांगणार आहे. आम्हा कामगार चळवळीतील माणसांना ती अवघड वाटते, म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

ही नदी पश्चिम घाटातून निघते आणि निलंबूरच्या सागवानी मुलुखातून १६९ किलोमीटर वाहत जाऊन बेपूर येथे अरबी समुद्राला मिळते. १९५७ साली केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ अधिकारावर आले. कारखाने थोडे आणि बेकारी फार, अशी राज्याची स्थिती होती. त्या मंत्रिमंडळाने बिर्लांच्या ग्वालियर रेयॉन्स कंपनीला पाचारण केले आणि रानातला बांबू टनाला अवघ्या एक रुपया दराने देऊ केला. भांडवलदाराला ही खैरात कोणी केली, हे आपल्या काही मित्रांना ऐकवत नाही. पण ते खरे आहे. १९६३ साली मावूरला बांबूचा लगदा निघू लागला आणि त्याचे घाण पाणी नदीत उतरू लागले. पाण्याला दुर्गंधी आली, मासे मेले, आणि मासेमारीवर व नदीच्या पाण्यावर जगणारी कुटुंबे उघडी पडली. जलप्रदूषणाचा देशव्यापी कायदा झाला तो १९७४ साली, म्हणजे अकरा वर्षांनी.

मावूरच्या पैलतीरी वाळक्काड गाव आहे. तेथील के. ए. रहमान यांनी लोकांना उभे केले. ते पुढे ग्रामपंचायतीचे अध्यक्षही होते. त्यांचे मागणे साधे होते : पाणी शुद्ध करून सोडा. वाटाघाटी झाल्या, करारमदार झाले, नदी मात्र होती तशीच राहिली.

मग १९८५ साली कामगारांच्या तंट्यातून कारखाना बंद पडला, तो १९८८ पर्यंत. नदी निवळू लागली. त्याच तीन वर्षांत कामगारांच्या घरी चूल पेटेना. काहींनी जीव दिला. ‘ग्रो’ या संघटनेचे पुढारी वासू यांनी कारखाना उघडावा म्हणून उपोषण केले. त्यांना नदीचे वैरी कोण म्हणेल? शुद्धीकरणाचा खर्च मालकाने करायचा होता. तो त्याने टाळला, म्हणून एका काठाची मजुरी आणि दुसऱ्या काठाचे पाणी यांची झुंज लागली. संघटनेने मजुरीच्या मागणीबरोबर सांडपाण्याची मागणीही आरंभापासून धरली असती, तर ही झुंज इतकी सहज लावता आली नसती, असे माझे मत आहे.

कारखाना पुन्हा सुरू झाला, तशी घाणही पुन्हा वाहू लागली. गावात कर्करोगाने माणसे जात होती आणि लोक त्याचे कारण कारखान्यातच पाहत होते. जानेवारी १९९९ मध्ये खुद्द रहमानही त्याच रोगाने गेले. त्यानंतर आंदोलन पुन्हा पेटले. त्याच वर्षी उत्पादन थांबले, आणि २००१ साली कारखाना कायमचा बंद झाला. चालियारचे पाणी पुन्हा निवळले. मावूरच्या बाजारपेठेत पगाराच्या दिवशी होणारी गर्दी मात्र त्यानंतर राहिली नाही.