इंजिन गेले, गाडी राहिली

विजेची मोटार आपल्याला नवलाची वाटते. पण ताशी 100 किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने, 1899 साली. पुढे पेट्रोल सरस ठरले, कारण एका लिटरात सुमारे 9 किलोवॅट-तास ऊर्जा मावते. 2017 मध्ये ब्रिटनच्या जग्वार कंपनीने आपल्या 1968 सालच्या ‘ई-टाइप’ गाडीचे इंजिन काढून तेथे 40 किलोवॅट-तासांची बॅटरी बसवली. म्हणजे जेमतेम साडेचार लिटर पेट्रोल! तरी पल्ला 270 किलोमीटर, असे कंपनीने सांगितले. कारण उघड आहे: इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विद्युत मोटरमध्ये थोडीच. बॅटरीचे आकारमान इंजिनाएवढेच आणि वजनही जवळपास तेवढेच ठेवल्याने जुने इंजिन पुन्हा बसवता येते. मग वारसा म्हणून आपण नेमके काय जपतो: आकार, आवाज की यंत्र? वर्गात जरूर विचारून पाहू.