टीसीपी मानकाची सुधारणा

इंटरनेटवरील संगणकांमध्ये माहिती क्रमवार आणि न गळता पोहोचवणाऱ्या टीसीपी या नियमसंहितेचे नूतनीकरण. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेले मूळ मानक, आरएफसी ७९३, सप्टेंबर १९८१ मध्ये निघाले. पुढील चार दशकांतील दुरुस्त्या अनेक दस्तऐवजांत विखुरल्या होत्या. त्या एकत्र करून वेस्ली एडी यांच्या संपादनाखाली ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ प्रसिद्ध झाले.

हे काम इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या कार्यगटात झाले. या संस्थेला औपचारिक सदस्यत्व नाही. मसुद्यावर कोणीही हरकत किंवा सूचना नोंदवू शकतो. निर्णय मतमोजणीने न होता ढोबळ सहमतीने होतात.

प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या अनुभवाचे वजन एका तपशिलात दिसते. तातडीच्या माहितीचा शेवट दाखवणाऱ्या दर्शकाबद्दल १९८१च्या मानकात परस्परविरोधी विधाने होती. तो शेवटच्या बाइटकडे निर्देश करतो, असे १९८९ मध्ये ठरले; तरी बहुतेक प्रणाली त्यापुढचाच बाइट धरत राहिल्या. अखेर २०११ मध्ये मानकच प्रचलित वापराप्रमाणे बदलले आणि नव्या दस्तऐवजात ते कायम झाले. चालू यंत्रणा न मोडता नियम स्पष्ट करणे, हे या खुल्या पद्धतीचे मोठे यश होय.