एकटा बंदूकवाला आणि संपानंतरचे गाव : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

गावात दोन टोळ्या आहेत आणि दोन्हींचे पोट चोरट्या दारूवर चालते. पोलीस विकले गेलेले, मालक घाबरलेला, माणसे दारे लावून बसलेली. अशा गावात एक परका येतो. नाव सांगत नाही, सांगितलेच तर ते खोटे असते. आज तो एका टोळीची चाकरी पत्करतो, उद्या दुसरीची, आणि शेवटी दोन्ही टोळ्यांना एकमेकींवर घालून संपवतो. ही गोष्ट बहुतेक वाचकांनी कोणत्या ना कोणत्या रूपात पाहिलेली असते. कोणाला क्लिंट ईस्टवूड आठवतो, कोणाला तलवार घेतलेला तोशिरो मिफुने, तर कोणाला वॉल्टर हिल यांच्या १९९६ च्या ‘लास्ट मॅन स्टँडिंग’मध्ये दोन्ही हातांत पिस्तुले घेऊन उभा असलेला ब्रूस विलिस.

चित्रपट आवडला म्हणून या विषयाकडे आलेल्या वाचकाचे येथे मनापासून स्वागत आहे. तो वाट चुकून आलेला नाही, कारण या क्षेत्रातले बहुतेक अभ्यासक याच दाराने आत आले. गोष्टीची ओढ वाटत नसेल तर अमेरिकेच्या दारूबंदीचे खटले, वर्तमानपत्रे आणि चौकशी अहवाल कोणी वर्षानुवर्षे वाचत बसणार नाही. ही ओढ सोडू नये. तिला फक्त एक प्रश्न जोडावा: परका नंतर आला, पण त्या टोळ्यांना गावात आधी कोणी बोलावले?

माझ्या मते या साऱ्या अभ्यासाचा कणा हाच प्रश्न आहे.

आधी कायदा पाहू. दारूबंदी आणणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून देशभर अमलात आली. तिच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या व्होल्स्टेड कायद्याने अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक मद्यार्क असलेले प्रत्येक पेय मादक ठरवले. मात्र त्यात पळवाटा होत्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे, धर्मविधीसाठी वाइन मिळे. पिणाऱ्याने घेतलेला घोट हा गुन्हा नव्हताच. बनवणे, विकणे आणि वाहून नेणे हा गुन्हा होता. ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने ही बंदी उठली. म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे एक मोठा धंदा कायद्याबाहेर राहिला, पण त्याचे गिऱ्हाईक मात्र कायद्यातच राहिले.

टोळीयुद्ध समजून घ्यायचे तर व्हिस्कीपेक्षा बिअरकडे पाहावे. व्हिस्की थोड्या जागेत बरीच मावते, कॅनडातून नदीपार आणता येते, दडवता येते. बिअर जड, स्वस्त आणि लवकर बिघडणारी. ती जवळच गाळावी लागते, पिंपांत भरून ट्रकने उघड रस्त्यावरून न्यावी लागते, आणि रोज. इतका मोठा माल लपत नाही. त्यासाठी दारूभट्टी, रस्ता, ठाणे आणि नगरपालिका या सगळ्यांची संमती विकत घ्यावी लागते. त्यातूनच इलाख्याची भांडणे उभी राहतात. शिकागोमध्ये नोव्हेंबर १९२४ मध्ये डीन ओबॅनियन स्वतःच्या फुलांच्या दुकानात मारला गेला. १४ फेब्रुवारी १९२९ ला नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या एका गॅरेजमध्ये सात माणसे भिंतीला उभी करून मारली गेली आणि मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचे गणवेश होते. या घटना सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांवर अधिक थांबत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की त्या गणवेशांवर कोणी सहज शंका घेतली नाही. ठाणे आणि टोळी यांत फरक करणे तेव्हा इतके अवघड झाले होते.

त्याच फेब्रुवारी १९२९ मध्ये डॅशिएल हॅमेट यांची ‘रेड हार्वेस्ट’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. नोव्हेंबर १९२७ ते फेब्रुवारी १९२८ या काळात ती ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावरच्या मासिकात चार भागांत छापली गेली होती. या विषयाचा मूळ ग्रंथ एकच निवडायचा झाला तर मी हाच निवडीन. हॅमेट १९१५ मध्ये पिंकर्टन या खासगी हेर कंपनीत नोकरीला लागले. मध्ये सैन्यात गेले, क्षयरोग घेऊन परतले आणि १९२२ च्या सुमारास हे काम सोडून लिहू लागले. पिंकर्टनच्या कामात चोर पकडणे होते, तसेच मालकांच्या वतीने कामगार संघटनांवर पाळत ठेवणे आणि संप फोडणेही होते. हे लक्षात ठेवल्याशिवाय कादंबरीचे पहिले पान उलटू नये.

कादंबरीतले पर्सनव्हिल हे खाणींचे गाव. लोक त्याला पॉयझनव्हिल म्हणतात. एलिहू विल्सन हा म्हातारा त्या गावाचा धनी: खाण त्याची, बँक त्याची, दोन्ही वर्तमानपत्रे त्याची. १९२१ मध्ये त्याने कामगारांशी केलेले करार मोडले आणि आठ महिन्यांचा संप झाला. संप चिरडायला त्याने बाहेरून बंदूकवाले आणले. संप हरला, कामगार वाकले, पण आणलेले बंदूकवाले परत गेले नाहीत. त्यांनी गाव वाटून घेतले: दारू एकाकडे, जुगार दुसऱ्याकडे, पोलीसप्रमुख तिसरा वाटेकरी. कादंबरीचा निवेदक, कॉन्टिनेंटल कंपनीचा तो जाडसर, अनाम हेर, या सगळ्यानंतर येतो. तोही पैसे घेऊन आलेला, तोही मालकानेच राबवलेला. म्हातारा त्याला दहा हजार डॉलर देतो ते गाव साफ करण्यासाठी, म्हणजे आपणच आणलेली माणसे हुसकावण्यासाठी.

कथेचा हा सांगाडा एकदा दिसला की परक्याचे एकटेपण वेगळे भासू लागते. तो टोळ्यांच्या बाहेरचा नाही. त्याच साखळीतला सर्वांत नवा भाडोत्री आहे. हॅमेट हे लपवत नाहीत. प्रेते वाढत जातात तसा निवेदक स्वतःच घाबरतो. या गावाने आपल्याला खुनांची चटक लावली, असे त्याला वाटू लागते. अखेरीस सैनिक येतात, शांतता होते आणि गाव पुन्हा म्हाताऱ्याच्या हाती जाते. हेर दुसऱ्या गावी बसून कंपनीला पाठवायचे अहवाल असे रचत राहतो की आपण मोडलेले नियम त्यात दिसू नयेत. साहेब फसत नाही आणि त्याची खरडपट्टी काढतो. रहस्यकथेच्या इतिहासात इतका अप्रिय शेवट करण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले आहे.

पर्सनव्हिलमागे माँटानातले ब्यूट हे तांब्याच्या खाणींचे शहर आहे, यावर अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे. ८ जून १९१७ रोजी तिथल्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागून १६८ माणसे मेली. पाठोपाठ संप झाला. संघटक फ्रँक लिटल यांना १ ऑगस्टच्या पहाटे मुखवटे घातलेल्या माणसांनी खोलीतून ओढून नेले आणि रेल्वेच्या पुलाला फाशी दिले. लिटल यांना मारण्यासाठी हॅमेट यांना पैसे देऊ केले गेले होते, असे हॅमेट यांच्या सहचरी लिलियन हेलमन यांनी पुढे लिहिले. त्यावर अभ्यासकांत वाद आहे आणि नव्या वाचकाने तो वाद म्हणूनच वाचावा. ज्या कंपन्या संपाविरुद्ध माणसे पुरवत, त्यांतल्या एका कंपनीत हॅमेट यांनी काम केले होते, हे मात्र वादातीत आहे.

आता मी जिथे थोडे रेंगाळणार आहे ती जागा इलिनॉयच्या दक्षिणेतली, विल्यमसन परगण्यातले हेरिन गाव. शिकागोच्या झगमगाटामुळे ती झाकली जाते, पण कादंबरीतला एकटा बंदूकवाला प्रत्यक्ष कसा दिसला असता हे तिथे सापडते. गाव कोळशाचे. जून १९२२ मध्ये संप चालू असताना एका खाणमालकाने बाहेरची माणसे आणून कोळसा काढला. त्यातून उसळलेल्या हत्याकांडात २३ जण मेले, बहुतेक सगळे बाहेरून आणलेले. खटले चालले, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. कायद्यावरचा विश्वास उडालेल्या त्या परगण्यात कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेने दारूबंदीची अंमलबजावणी हाती घेतली आणि १९२३ च्या शेवटी एस. ग्लेन यंग या माणसाला भाड्याने आणले. तो पूर्वी सरकारी दारूबंदी खात्यात होता आणि तिथून काढून टाकलेला होता. कमरेला पिस्तुले लावून शेकडो माणसांच्या जथ्यानिशी तो घरांवर धाडी घाली. इटालियन खाणकामगारांची घरे त्यात विशेष सापडत, कारण वाइन त्यांच्या जेवणाचाच भाग होती. फेब्रुवारी १९२४ मध्ये गावातल्या दवाखान्यावरच गोळीबार झाला, सैन्य आले, आणि काही काळ यंगने गावाचा ताबाच घेतला. २४ जानेवारी १९२५ च्या रात्री एका सिगारच्या दुकानात यंग आणि उपशेरीफ ओरा थॉमस समोरासमोर आले. यंग, त्याचे दोन साथीदार आणि थॉमस असे चौघे त्या चकमकीत मेले.

यानंतर गाव शांत झाले नाही. क्लॅनविरुद्ध एका बाजूला असलेले चार्ली बर्गर आणि शेल्टन बंधू १९२६ मध्ये दारूच्या आणि जुगाराच्या पैशांवरून एकमेकांच्या जिवावर उठले. चिलखती ट्रक रस्त्यावर आले. नोव्हेंबरमध्ये शेल्टनांच्या बाजूने बर्गरच्या ‘शेडी रेस्ट’ या अड्ड्यावर विमानातून बाँब टाकले गेले. वेस्ट सिटी या लहान गावाच्या महापौराच्या खुनाबद्दल बर्गर १९ एप्रिल १९२८ ला बेंटन येथे फाशी गेला. पॉल अँगल यांनी १९५२ मध्ये या परगण्याचा इतिहास लिहिला. त्यात संप, क्लॅन आणि टोळ्या हे एकाच कथेचे भाग म्हणून उभे राहतात, आणि म्हणूनच मी तो नवख्यांच्या हाती प्रथम देतो. यंगला नायक मानणारे लोक तेव्हा हजारो होते. गावाने वाट पाहिलेला परका आला होता खरा, पण त्याच्या मागे कोणाचे पैसे आणि कोणाचा द्वेष उभा होता हे विसरून चालत नाही.

एकट्या बंदूकवाल्याची कथा पुढे देशोदेशी गेली. अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ च्या ‘योजिंबो’त एकोणिसाव्या शतकातले जपानी गाव आहे. दोन टोळ्यांमागे रेशमाचा व्यापारी आणि साकेचा उत्पादक उभे आहेत. धनी अजून दिसतो, पण संप गेला. कुरोसावांनी हॅमेट यांच्याच दुसऱ्या कादंबरीवरच्या ‘द ग्लास की’ या १९४२ च्या चित्रपटाचे ऋण सांगितले होते. ‘रेड हार्वेस्ट’शी नाते किती, यावर मतभेद आहेत. सर्जियो लेओने यांच्या १९६४ च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये सीमेवरच्या गावात दोन घराणी उरली. परवानगी न घेतल्याबद्दल ‘योजिंबो’च्या तोहो कंपनीशी झालेले भांडण उत्पन्नातला वाटा देऊन मिटले. वॉल्टर हिल यांनी रीतसर श्रेय देऊन ही कथा पुन्हा दारूबंदीच्या अमेरिकेत, टेक्सासमधल्या जेरिको नावाच्या गावात आणली. आयरिश आणि इटालियन टोळ्या आल्या, मेक्सिकोतून येणारी दारू आली, पण गाव जवळजवळ रिकामे. कामगार नाही, मालक नाही, वर्तमानपत्र नाही. कथा आपल्या काळात परतली तेव्हा जिच्यातून ती जन्मली ती भांडणे तिला आठवत नव्हती. हा चित्रपट मला आवडतो, त्याच्या धुळीचा रंग आणि राय कूडर यांचे संगीत विसरता येत नाही. तरीही ती विस्मृती मला खुपते. मूळ कादंबरीवर अजूनही तिला साजेसा चित्रपट झालेला नाही, यामागे त्या संपाची अडचण असावी असा माझा कयास आहे.

विद्वानांचे काम विपुल आहे. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ मध्ये शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी जॉन लँडेस्को यांनी त्या शहरातल्या संघटित गुन्हेगारीचे राजकारणाशी असलेले लागेबांधे नावानिशी मांडले. रॉबर्ट वॉरशो यांचा १९४८ चा छोटा निबंध पडद्यावरच्या गुंडाला शोकनायक मानतो. रिचर्ड स्लॉटकिन यांनी बंदूकवाल्याच्या मिथकाची मुळे अमेरिकेच्या सरहद्दीच्या इतिहासात शोधली. वॉरशो सुंदर लिहितात, पण त्यांच्या गुंडाला शहर आहे आणि मजुरी नाही. म्हणून त्यांच्यासोबत लँडेस्को वाचावेत.

मराठी वाचकाला या प्रदेशात अगदीच परके वाटू नये. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, पाठोपाठ मुंबई राज्यभर लागू झालेली बंदी, हातभट्ट्या, आणि त्या पैशावर वाढलेली मुंबईतली गुन्हेगारी हा आपल्याच आजोबा-पणजोबांचा काळ. गिरणी संपांच्या आठवणी तर अनेक घरांत अजून ताज्या आहेत. तुलना करताना घाई मात्र नको: मुंबईची बंदी एका राज्याची होती, तिला परवान्यांची वेगळी व्यवस्था होती आणि तिची वाट अमेरिकेहून निराळी होती.

सुरुवात कुठून करावी, असे नेहमी विचारले जाते. आधी ‘रेड हार्वेस्ट’ सलग वाचा, टिपणे न काढता. मग अँगल यांचा विल्यमसनचा इतिहास. त्यानंतर ‘योजिंबो’पासूनचे तिन्ही चित्रपट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पाहा आणि प्रत्येकात गावचा धनी कोण, हे शोधा. मग पुन्हा कादंबरीकडे या, आणि या वेळी डायना ब्रँडवर लक्ष ठेवा. पर्सनव्हिलमधली ही बाई शेअर बाजाराच्या बातम्या वाचते, प्रत्येक माहितीचा भाव ठरवते आणि गावातल्या प्रत्येक पुरुषाचे गुपित जाणते. हेर अफूच्या अर्काच्या गुंगीतून जागा होतो तेव्हा ती बर्फ फोडायच्या टोच्याने मारली गेलेली असते आणि टोच्याची मूठ त्याच्याच हातात असते. परक्यावर शेकडो पाने लिहिली गेली आहेत. डायनाचा हिशेब, तिला मिळालेले आणि बुडालेले पैसे, तिने विकलेली आणि राखून ठेवलेली माहिती, यांवर तेवढे लिहिले गेलेले नाही. तरुण अभ्यासकांपैकी कोणी हे काम हाती घेतले तर मला फार आनंद होईल.