वैद्यकाची सनद

तासगांवापासून सांगली अवघी पंधरा मैल. पण वैद्यकाचा धंदा करणाराच्या दृष्टीनें एके काळीं या दोन गांवांच्या मधून राज्याची सीमा जात असे. तासगांव हा सातारा जिल्ह्यांतील इंग्रजी अंमलाखालचा तालुका, तर सांगली आणि मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें. मुंबई सरकारनें १९१२ सालीं कायदा करून डॉक्टरांची अधिकृत नोंदवही उघडली, ती तासगांवच्या डॉक्टरास लागू झाली. सांगलीस मात्र दरबार मान्य करील तें प्रमाण. १९४८ सालीं संस्थानें विलीन होईपर्यंत हा भेद उभा होता.

हिंदुस्थानांतील या प्रकारचा हा पहिलाच प्रांतिक कायदा होय. त्यानें बिनसनदी मनुष्यास नाडी पाहण्याची बंदी केली नाहीं. तशी बंदी केली असती तर खेड्यापाड्यांतील रोग्यांस औषध देण्यास कोणी उरलेंच नसतें. परंतु कायद्यास मान्य होईल असा दाखला देण्याचा अधिकार नोंदवहींत नांव असलेल्यांचाच झाला. त्याच सालीं मुंबईस कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था निघाली, आणि तिची परीक्षा उतरलेले 'एल. सी. पी. एस.' डॉक्टर पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत दिसूं लागले. १८४५ सालापासून चालत आलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून विश्वविद्यालयाची पदवी घ्यावयाची तर पैसा व वर्षें दोन्हीं फार खर्चीं पडत; मध्यम स्थितींतील मुलास परवान्याची वाट जवळची वाटे. सनद हा शब्द मराठी मनुष्यास वतनाच्या कागदाइतकाच वजनदार वाटत आला आहे, हेंही येथें विसरून चालणार नाहीं.

कायदा होण्याच्या पंधरा वर्षें आधींच मिरजेस शिक्षणाची सोय झालेली होती. डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस हे कॅनडांत जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनचे शल्यवैद्य १८८९ सालीं या देशीं आले. प्रथम सांगलीस दवाखाना चालवून त्यांनीं १८९४ सालीं मिरजेस इस्पितळ उघडलें. मिरज हें रेल्वेचें जंक्शन. दूरदूरचे रोगी येऊं लागले आणि दोन हातांनीं काम उरकेना. तेव्हां १८९७ सालीं तेथें वैद्यकाची शाळा निघाली. मिशनऱ्यांनीं हिंदुस्थानांत काढलेली ही पहिली वैद्यकशाळा म्हणून गणली जाते. पुढें १९०० सालीं कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम झाला, आणि ज्या माळावर क्षयरोग्यांचें इस्पितळ उभें राहिलें त्याला वॉन्लेसवाडी हेंच नांव पडलें. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतु होता व त्याविषयीं लोकांच्या मनांत किंतुही होता; तथापि पोटांतील गांठ काढून घेतांना शल्यवैद्याचा धर्म विचारीत कोणी बसलें नाहीं. डॉ. वॉन्लेस यांना १९२८ सालीं 'सर' हा किताब मिळाला. १९३३ सालीं ते वारले.

डॉक्टर होण्यास मुलगे मिळत. परिचारिका होण्यास मुली मिळणें हें खरें कठीण. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणें, रोग्याचें मलमूत्र उचलणें, रात्रभर घराबाहेर राहणें, यांतील एकही गोष्ट पांढरपेशा घरास सोसण्यासारखी नव्हती. बाळंतपण करणाऱ्या सुइणीचे हात सर्वांस हवे असत, पण तिला ओसरीच्या आंत मान नसे. त्यामुळें मिरजेसारख्या मिशनच्या ठिकाणीं या कामास प्रथम पुढें आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती मुली. रमाबाई रानडे यांनीं पुण्यास चालविलेल्या सेवासदनानें ससून इस्पितळांत हिंदु स्त्रियांना हें शिक्षण मिळण्याची व्यवस्था केली तेव्हां कोठें कोंडी फुटूं लागली. ज्या विधवेस घरांत केवळ पोळपाट-लाटणें उरलें होतें, तिच्या हातीं त्यामुळें स्वतःच्या कमाईचे रुपये आले. शेजारणी नाक मुरडीत, आणि आपल्या घरीं दुखणें आलें म्हणजे तिलाच बोलावीत!

परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९३५ सालचा, म्हणजे डॉक्टरांच्या मागून तेवीस वर्षांनीं. फिलिपाइन्स बेटांत हीच गोष्ट लवकर झाली. तेथें इलोइलो येथें प्रेस्बिटेरियन मिशनच्याच इस्पितळांत १९०६ सालीं परिचारिकांची शाळा निघाली, आणि १९१९ सालीं त्यांच्या परीक्षेचा व नोंदणीचा कायदाही झाला. एकाच पंथाच्या मिशनचें तें रोप तिकडे झपाट्यानें वाढलें. आपल्याकडे भोर समितीनें १९४६ सालीं हिशेब मांडला तेव्हां अवघ्या देशांत परिचारिका सुमारे ७,००० निघाल्या, म्हणजे ४३,००० माणसांमागें एक.

साताऱ्याचा प्रश्न निराळा होता. तेथें १९१६ सालीं आर्यांग्ल वैद्यक विद्यालय निघालें. आर्य आणि आंग्ल अशा दोन्ही वैद्यकांचा मेळ घालण्याचा संकल्प त्याच्या नांवांतच आहे. परंतु नेमक्या त्याच सालीं हिंदुस्थान सरकारनें पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या कोणी द्याव्या यावर कायद्यानें निर्बंध घातला. दोन्ही शास्त्रें शिकलेला विद्यार्थी अशा रीतीनें कोणत्याच नोंदवहींत बसेना. इतकेंच नव्हे, नोंदलेल्या डॉक्टरानें आयुर्वेदाच्या विद्यालयाशीं संबंध ठेवणें हेंही मेडिकल कौन्सिलाच्या डोळ्यांवर येई. विद्या आहे पण सनद नाहीं, ही व्यथा अशा विद्यालयांतून बाहेर पडलेल्यांनीं बरीच वर्षें सोसली. १९३८ च्या मुंबईच्या कायद्यानें वैद्य-हकीमांचीही नोंदवही ठरली, आणि पदवी नसतां धंदा करीत आलेल्यांसाठीं वेगळी यादी ठेवण्यांत आली, तेव्हां त्यांना कायद्याच्या दारांत उभें राहतां आलें.

गंमत अशी कीं, वैद्यांना दार उघडत होतें त्याच सुमारास परवानाधारक डॉक्टरांचें मिटूं लागलें. देशांतील सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकीं जवळजवळ ३०,००० परवान्याचे, पदवीचे नव्हेत, असें भोर समितीस आढळलें. तरी यापुढें डॉक्टर एकाच पदवीचा असावा, अशी तिची शिफारस पडली. खेड्यांत जाऊन बसणारा वर्ग मुख्यतः हाच होता, याचा विचार पुरेसा झाला असें म्हणवत नाहीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, त्यालाच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें, आणि तासगांव व सांगली अखेर एका जिल्ह्यांत आलीं. १९६२ सालीं मिरजेस सरकारी मेडिकल कॉलेज निघालें, त्याच्या पहिल्या काळांतील विद्यार्थी खाटेपाशींचें शिक्षण घेण्यास वॉन्लेस इस्पितळांतही जात असत.