पोलिसांच्या दप्तरातील आत्मचरित्र

रँडच्या वधाची हकीकत पुणेकरांना नव्याने सांगावयास नको. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या; १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर हरि चापेकर येरवड्यास फासावर गेले. आम्हांला विचारावयाचे आहे ते निराळेच. दामोदरपंतांनी कोठडीत लिहिलेले आत्मचरित्र पुढे कोठे गेले?

ते गेले पोलिसांच्या दप्तरात. १९१० साली त्याचे इंग्रजी भाषांतर मुंबई पोलिसांच्या गोषवाऱ्यांत छापले गेले, तेही अधिकाऱ्यांनीच वाचावे म्हणून. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत त्यात लेखकाने स्वतःच सांगितली आहे! सामान्य वाचकाला हे पाहावयास मिळाले ते १९५८ साली, मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा दुसरा खंड काढला तेव्हा. म्हणजे फाशीनंतर साठ वर्षांनी, आणि तेही सरकारला वाटले म्हणून. मागण्याचा हक्क कोणालाच नव्हता.

अमेरिकेत केनेडींच्या खुनाचे कागद खुले करण्यासाठी १९९२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे एका खटल्यापुरता कायदा नाही. २००५ चा माहिती अधिकार अधिनियम सर्वांना लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे तपासात किंवा खटल्यात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. परंतु त्याच कलमाची तिसरी पोटकलम फारशी कोणी वाचत नाही: घटनेला वीस वर्षे झाली की ही सबब संपते. देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार, मंत्रिमंडळाचे कागद एवढे अपवाद मात्र उरतात. शिवाय कलम २४ खाली काही गुप्तवार्ता संघटना बहुतांशी कायद्याबाहेरच ठेवल्या आहेत.

हे कलम मोलाचे आहे असे आमचे मत आहे. पण ते कागद मिळवून देते, राखून ठेवीत नाही. इंग्रजांच्या पोलिसांनी चापेकरांची पाने जपली ती काही इतिहासप्रेमाने नव्हे. अशा माणसांची त्यांना धास्ती होती. आजच्या साध्या तपासाच्या फाइलीला तेवढेही भाग्य नाही. दप्तराची सूची ठेवा असे कलम ४ सांगते. पण मुदत संपलेली फाइल नियमाप्रमाणे एकदा नष्ट झाली, की वीस वर्षांनी अर्ज करणाऱ्याच्या हाती तसे कळविणारे पत्र तेवढे येते.